दोन खाटा, एक संसार

दिवाळीला पाहुणे येतात, फराळ होतो, आणि फराळाबरोबर यजमानांच्या घराची पाहणीही होते. झोपायच्या खोलीत दोन भिंतींना दोन खाटा दिसल्या, की चकलीबरोबर कुजबुजही कुरकुरू लागते. "चाळीस वर्षे संसार झाला, आणि आता हे काय?" "नवरा आजारी पडला नि बाईने खाट वेगळी केली हो!" या कुजबुजीला एकदा खडसावून उत्तर देणे भाग आहे.

त्या नवऱ्याच्या आजाराला आपण कंपवात म्हणतो. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टराने १८१७ साली त्याचे वर्णन केले, म्हणून पार्किन्सन हे त्याचे दुसरे नाव. लोकांना त्यातला थरथरणारा हात तेवढा ठाऊक. तो दिवसा दिसतो, कपातला चहा हिंदकळवतो. पण या आजाराची रात्र कोणी पाहिली आहे? मेंदूतील काही पेशी झडत जातात, डोपामिन नावाचे द्रव्य कमी पडते आणि अंग ताठरते. दिवसाच्या गोळीचा अंमल रात्री उतरला, की साधी कूस बदलणे म्हणजे डोंगर हलवणे! लघवीला पुनःपुन्हा उठायचे, तेही कोणाच्या तरी आधाराने.

एवढ्यावर भागत नाही. मी डॉक्टर नव्हे, शाळेत शिकवते. म्हणून वर्गात सांगावे तसे सांगते. आपण स्वप्न पाहतो तेव्हा निसर्ग आपले हातपाय जणू बांधून ठेवतो. स्वप्नात कितीही धावलो तरी पाय गादीवरच राहतात. या आजारात पुष्कळांची ही दोरी सुटते. स्वप्नात चोर आला, की झोपलेला माणूस खरोखरच गुद्दा हाणतो, लाथ झाडतो, ओरडतो. अमेरिकेतील मिनेसोटाच्या शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ साली या विकाराचे रीतसर वर्णन केले. कित्येकांत तर तो थरथर सुरू होण्याच्या कितीतरी वर्षे आधीच दिसू लागतो.

म्हणजे जन्मभर बायकोवर आवाजही न चढवलेला गृहस्थ झोपेत तिला मारतो, आणि सकाळी त्याला त्याचा पत्ताही नसतो. ती दंडावरचा काळानिळा डाग पदराखाली झाकते, "मोरीत घसरले" म्हणून सांगते. का? तर लोक काय म्हणतील! डाग झाकायचा, पण खाट हलवायची नाही, हा कुठला पतिव्रताधर्म?

आणि गंमत पाहा. बायकोला कंपवात झाला नि नवरा बाहेरच्या दिवाणावर निजू लागला, तर कोणी कुजबुजत नाही. "बिचाऱ्याला झोप नको का?" म्हणतात. मग बिचारीला नको का?

संस्कृतीची आठवण करून देणाऱ्यांनाही एक विचारते. जुन्या वाड्यांतून पुरुष ओसरीवर निजत आणि बायका पोराबाळांसह माजघरात. तुमच्या पणजीच्या घरात डबलबेड होता काय? आणि तो नव्हता म्हणून तिचा संसार मोडला काय? फर्निचरच्या दुकानातून आलेल्या लाकडाला सोवळे नेसवू नका!

जिला दिवसा गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या, आंघोळ घालायची, घास भरवायचा, तिची झोप ही चैन नव्हे. ती त्या आजाऱ्याच्याच औषधांपैकी एक आहे. तीच आडवी झाली तर त्याला उठवून बसवणार कोण?

मात्र आजाऱ्याची खाट मागच्या पडवीत सरकवून मधले दार ओढून घेणाऱ्यांनी या लेखाचा आधार घेऊ नये. वेगळी खाट म्हणजे हद्दपारी नव्हे. खोली तीच असावी, हाक ऐकू यावी. त्याची खाट बुटकी असावी, उशाशी घंटा नि मंद दिवा असावा, धारदार कोपऱ्याचे टेबल दूर असावे. चादर गुळगुळीत असली तर कूस वळणे सोपे जाते. झोपेतल्या मारामारीची गोष्ट डॉक्टरांना न लाजता सांगावी. तिच्यावर औषधे आहेत. आणि खाट हलवण्यापूर्वी आजाऱ्याशी बोलावे. आपल्या हातून तिला लागेल या भीतीने तोही बिचारा झोपायला घाबरत असेल. दिवा मालवण्यापूर्वी ती घटकाभर त्याच्या खाटेवर बसली, त्याचा थरथरता हात हातात घेतला, तर त्या दोघांचे काय उणे झाले?

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत कुठे दोन खाटा दिसल्या तर भुवया उंचावू नका. जमल्यास एवढेच म्हणा, "आज रात्री यांच्यापाशी मी निजतो, तुम्ही आतल्या खोलीत स्वस्थ झोपा." आणि असा आजारी ज्या बहिणीच्या घरात आहे, तिच्या भावाने यंदा भाऊबीजेच्या ताटात पाकिटाबरोबर एका रात्रीची झोपही घालावी. साडी तिच्याकडे पुष्कळ असतील.