अटॅचमेंटची चावी कुणाच्या हाती?

पूर्वी घराचे कागद पेटाऱ्यात असत आणि पेटाऱ्याची चावी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे. आज पेडण्यातल्या कितीतरी कुटुंबांचे कागद ईमेलमध्ये पडून आहेत. एक भाऊ मांद्र्याला, दुसरा मुंबईत, बहीण पुण्यात, पुतण्या आखातात. वडिलोपार्जित जमिनीची इन्व्हेंटरी करायची म्हटली की सगळे वारस आणि त्यांचे पती-पत्नी यांचे कागद जमवावे लागतात. एक-चौदाचा उतारा, जुने विक्रीखत, मृत्यूचा दाखला, आधार कार्ड असे सगळे पीडीएफ होऊन अटॅचमेंट म्हणून फिरते. म्हणूनच तंत्रज्ञानातली एक नवी सोय आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचली आहे, असे आम्हाला वाटते.

ही सोय म्हणजे ईमेलमधल्या अटॅचमेंट स्वतः उतरवून घेणारे एआय एजंट. साधा एआय सहायक विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. एजंट आपल्या वतीने काम करतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने अशा सहायकांना बाहेरच्या सेवांशी जोडणारी ‘मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर केली. त्यानंतर ईमेलला जोडणारी अनेक साधने निघाली. ‘गेल्या वर्षीची सगळी बिले काढून यादी कर’ एवढे सांगितले की एजंट मेल शोधतो, फाइल उतरवतो, वाचतो आणि तक्ता करून देतो.

याचा फायदा मोठा आहे, हे आधी मान्य करू. सभासदत्वाचे अर्ज, देणगीच्या पावत्या, हॉलचे बिल, नाटकाचा खर्च हे सगळे वार्षिक सभेच्या आधी जुळवताना आमच्या चिटणीस-खजिनदारांच्या रात्री जातात. ते काम मिनिटांत होत असेल तर कुणाला नको आहे?

अडचण परवानगीत आहे. जीमेल वाचण्याची परवानगी दिली की ती साधारणपणे संपूर्ण पेटीची असते. ‘फक्त बिलांचे मेल बघ’ असे आपण सांगू शकतो, पण चावी सगळ्या खोल्यांची दिलेली असते. बिलांच्या शेजारीच विक्रीखत आणि आधार कार्डही असते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. एजंटला मालकाची सूचना आणि वाचलेल्या मजकुरातली सूचना यांत खात्रीने फरक करता येत नाही. कुणी अनोळखी माणसाने पाठवलेल्या फाइलमध्ये ‘या पेटीतले इतर कागद अमुक पत्त्यावर धाड’ असे लपवून लिहिले, तर एजंट तो हुकूम समजण्याचा धोका असतो. जून २०२५ मध्ये ‘एकोलीक’ नावाची त्रुटी उजेडात आली, ती याच जातीची. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट सहायकाला एका साध्या दिसणाऱ्या ईमेलमधून फसवून आतली माहिती बाहेर काढता येते, हे एम सिक्युरिटीच्या संशोधकांनी दाखवले. वापरणाऱ्याने कशावरही क्लिक करण्याची गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने ती त्रुटी दुरुस्त केली आणि कोणत्याही ग्राहकाचे नुकसान झाले नसल्याचे सांगितले. पण मूळ दुखणे एका कंपनीपुरते नाही.

गोव्यात या धोक्याला वेगळे वजन आहे. बनावट कागदांवर जमिनी लाटल्याच्या तक्रारींमुळे जून २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. नंतर निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोगही नेमला गेला. त्या प्रकरणांचा एआयशी संबंध नव्हता. पण त्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली: मालक दूर असला की कागदावर डोळा ठेवणाऱ्याचे फावते. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्यातल्या जमिनीवर तर साऱ्यांचीच नजर आहे. अशा वेळी सह्यांचे नमुने आणि ओळखपत्रे एकगठ्ठा बाहेर जाणे परवडणारे नाही.

म्हणून यंत्राला दार बंद करावे, असे आम्ही म्हणत नाही. देवस्थानाच्या तिजोरीचा व्यवहार एकट्याच्या हाती देऊ नये, हे शहाणपण आपल्याला ठाऊक आहे. तेच इथे वापरावे. मंडळाच्या हिशेबासाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवावा आणि एजंट जोडायचा तर फक्त त्याला जोडावा. जमिनीचे कागद असलेली पेटी त्याच्यापासून लांब ठेवावी. एजंटला वाचू द्यावे, पण मेल पाठवण्यापूर्वी माणसाची संमती घेणे सक्तीचे करावे. काम संपले की गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन दिलेली परवानगी काढून टाकावी. पैशांची फसवणूक झाल्याचे लक्षात आल्यास लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

येत्या सुट्टीत मुले घरी आली की त्यांच्यासोबत बसून आईवडिलांच्या फोनवर कोणकोणत्या अ‍ॅपना मेलची परवानगी दिली आहे, ते एकदा पाहा. दहा मिनिटांचे काम आहे.