उरकलेली सुट्टी

दरवर्षी एप्रिल संपत आला, की आमच्या फ्रिजच्या दारावर एक तक्ता चिकटतो. डावीकडे वार, वरच्या ओळीत वेळा, आणि मधल्या चौकोनांतून पोहणे, बुद्धिबळ, चित्रकला, सुलेखन, ‘व्यक्तिमत्त्व विकास’. नऊ वर्षांच्या मुलीचे वर्ग हिरव्या शाईत, सहा वर्षांच्या मुलाचे तांबड्या शाईत. त्यांना सोडायला कोणी जायचे आणि आणायला कोणी, हे काळ्या शाईत. या वर्षीचा तक्ता मीच आखला होता आणि आखून झाल्यावर, खोटे कशाला बोलू, मला समाधानही वाटले होते. एकही चौकोन रिकामा राहिला नव्हता.

मे महिन्यात एके दिवशी मी उत्तरपत्रिका तपासून घरी आले. धाकट्याने दारातच सांगितले, “आई, आज माझं सगळं उरकलं.” शब्द त्याचे होते, सूर मात्र माझा होता. रात्री ओटा पुसून दिवा मालवताना मी ज्या सुरात हे वाक्य म्हणते, नेमका तोच. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला अशा वेळी मुलाची कीव येण्याआधी शब्दाचे कुतूहल वाटते. हा आमच्या व्यवसायाचा दोष समजावा. त्या दिवसापासून ‘उरकणे’ हे क्रियापद मनातून गेले नाही. त्यातून हे टिपण.

मराठीत ‘उरक’ हा गुण मानला जातो. ‘तिला कामाचा भारी उरक’ हे सुनेच्या बाबतीत काढलेले प्रशस्तिपत्रच होय. पण या क्रियापदाला कोणती कर्मे चालतात, ते पाहावे. धुणे उरकतात, भांडी उरकतात, स्वयंपाक उरकतात, बाजारहाट उरकतात. जे टळत नाही ते उरकायचे असते. जे करावेसे वाटते ते कोणी उरकत नाही. ‘गवयाने ख्याल उरकला’ असे आपण म्हणतो तेव्हा ती टीका असते. ‘सरांनी कविता उरकली’ हेही आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असेल. निदान मी तरी वर्गाबाहेर उभी असताना ऐकले आहे. आता आमच्या घरात पोहणे उरकते, चित्र उरकते, सहल उरकते. गृहिणीच्या कामाचे क्रियापद मुलांच्या खेळाला लागले आहे, आणि ते लावणारी मी आहे.

इथवर आल्यावर मराठी लेखकाने काय लिहायचे असते, हे ठरून गेलेले आहे. आमच्या लहानपणी असे नव्हते. मामाचे गाव होते, आमराई होती, विहीर होती, रात्री अंगणात गोधड्या पडत. मे महिन्यातील रविवारच्या पुरवण्यांत हा लेख दरवर्षी येतो. तो मीही लिहिला आहे. मात्र आता त्या लेखाविषयी माझ्या मनात शंका उत्पन्न झाली आहे.

पहिली शंका साक्षीदारांची. सुट्टीच्या या सगळ्या आठवणी त्या सुट्टीतल्या मुलांनी लिहिलेल्या आहेत. पंधरा-पंधरा पोरांचे दोन वेळचे जेवण, दुपारचे खाणे, पापड-कुरडयांचे वाळवण, आंब्याच्या अढ्या, एखाद्याचा ताप, दुसऱ्याचे फुटलेले ढोपर, हे ज्यांनी सांभाळले त्या आज्यांनी आणि माम्यांनी ललित लेख लिहिले नाहीत. ग. दि. माडगूळकरांचे मामाच्या गावाचे आगगाडीचे गाणे महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. त्या गाण्यात मामीचे वर्णन येते ते तिच्या सुगरणपणावरून, हे आपण कितीदा लक्षात घेतो? माझी आजी मे महिन्यात पहाटे चारला उठत असे. आमचा दिवस उरकायचा नसे, कारण तो ती आमच्यासाठी उरकून ठेवत असे. उरक तेव्हाही होताच. फक्त तो एका बाईच्या अंगावर होता आणि आम्हांला दिसत नव्हता.

दुसरी शंका अशी, की आजोळ म्हणजे सुखच, हे समीकरण आपल्या चांगल्या साहित्यानेही मान्य केलेले नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन आजी-आजोबांच्या घरी राहतो. तिथे माया आहे, मित्र आहेत, शाळा आहे, आणि मुलाचे सारे इंद्रियविश्व जागे ठेवणारा परिसर आहे. तरीही आई-वडील दूर आहेत. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पहिल्या संग्रहाला संतांनी ‘वनवास’ हे नाव दिले, याचा विचार आजोळाचे गोडवे गाणाऱ्यांनी केला पाहिजे. लंपनचे जग सुंदर आहे आणि त्या सौंदर्याला एकटेपणाची किनार आहे. स्मरणरंजनाने नेमकी ही किनार कापून टाकलेली असते.

तिसरी गोष्ट म्हणजे शहरातली उन्हाळ्याची सुट्टी पूर्वी अगदीच मोकळी होती असेही नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली, ती या ऋतूचा वेळ सत्कारणी लावण्यासाठीच. मुलांच्या बाबतीत पाहायचे, तर सुधा करमरकर आणि रत्नाकर मतकरी यांनी बालरंगभूमी उभी केली, आणि सुट्टीत आईवडिलांचे बोट धरून नाटकाला जाणे ही मध्यमवर्गीय मुलांची चालच होऊन गेली. ती योजनाच होती, तिकिटेही होती. मात्र नाटक पाहून आलेली मुले पुढचे आठ दिवस घरात चेटकीण होऊन हिंडत, आणि या आठ दिवसांचे वेळापत्रक कोणी आखलेले नसे. तेव्हा आखणी हा काही गुन्हा नव्हे. आखणीनंतर काही उरते की नाही, हा खरा प्रश्न.

आणि शिबिरांविषयी एकदा स्पष्ट बोलायला हवे. आम्ही मुलांना शिबिरात घालतो ते त्यांच्या सुप्त गुणांसाठी, असे आम्ही म्हणतो. माहितीपत्रकातही तसेच छापलेले असते. खरे कारण असे, की आम्ही दोघे नोकरीवर असतो, आजी-आजोबा दुसऱ्या गावी आहेत, आणि मुलांना दहा ते पाच कुठेतरी ठेवणे भाग आहे. शिबिर हे पाळणाघरच. नाव तेवढे भारदस्त. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. लाज वाटते म्हणून आपण त्याला ‘विकास’ म्हणतो, आणि एकदा विकास म्हटले की संध्याकाळी दमून आलेल्या मुलाला ‘आज काय शिकलास?’ असे विचारण्याचा हक्क आपल्याला मिळतो. सांभाळायला ठेवलेल्या मुलाला कोणी असे विचारत नाही. शिबिराला पाळणाघर म्हणण्याचे धैर्य आपण दाखवले, तर मुलांच्या डोक्यावरचा निम्मा भार उतरेल.

आता आमच्या सहलीविषयी. तक्त्यात एक शनिवार ‘पुणे दर्शन’ म्हणून राखून ठेवला होता. सकाळी राजा दिनकर केळकर संग्रहालय, मग शनिवारवाडा, दुपारी जेवण, संध्याकाळी सारसबाग. आमच्या यजमानांनी प्रत्येक ठिकाणाला वेळ नेमून दिला होता. संग्रहालयाला सव्वा तास.

ज्यांनी हे संग्रहालय पाहिले आहे त्यांना हा हिशेब किती हास्यास्पद आहे, हे सांगायला नको. सुमारे २०,००० वस्तूंचा हा संग्रह दिनकर गंगाधर केळकर या एका माणसाने जमवला. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा हा कवी. १९२०च्या सुमारास त्यांनी वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक दशके ते त्यासाठी वणवण हिंडले. तलवारी आणि सिंहासने यांच्यापेक्षा त्यांचे मन रमले ते अडकित्त्यांत, दिव्यांत, वज्रींत, दौतींत, स्वयंपाकघरातल्या भांड्यांत, दारांच्या चौकटींत. म्हणजे ज्या कामांना आपण उरकण्याची कामे म्हणतो त्यांच्याच हत्यारांत. पाय घासायच्या वज्रीवर कुणा अनाम कारागिराने पक्षी बसवला आहे. सुपारी कातरायच्या अडकित्त्याला माणसाचा आकार दिला आहे. ज्याने हे घडवले त्याला उरकायचे नव्हते.

संग्रहालयाच्या नावातल्या ‘राजा’वर मुलगी अडली. हा कुठला राजा, शिवाजी महाराजांच्या आधीचा की नंतरचा? मी सांगितले, की राजा हे केळकरांच्या मुलाचे नाव. तो लहानपणीच गेला आणि वडिलांनी हा सारा संग्रह त्याच्या नावाने ओळखला जावा असे ठरवले. ती काही बोलली नाही. धाकटा मात्र थोड्या वेळाने म्हणाला, “मग त्याची खेळणी कुठेत?” आणि तो दालनांमागून दालने राजाची खेळणी शोधत हिंडू लागला. सव्वा तास केव्हाच उलटून गेला होता. यजमान घड्याळ पाहत होते, शनिवारवाडा हातचा चालला होता. मी त्याला दंडाला धरून बाहेर आणले.

तो रडला नाही. रिक्षात बसल्यावर त्याने एवढेच विचारले, “आता काय उरकायचंय?”

ज्या बापाचे मूल हातातून निसटले होते त्याने उरलेले आयुष्य वस्तूंपाशी रेंगाळण्यात घालवले. आणि ज्या आईची दोन्ही मुले हाताशी होती ती त्यांना तिथून ओढून बाहेर काढत होती. यावर अधिक भाष्य करण्याचे माझ्यात बळ नाही.

पण घरातल्या या गोष्टीला वर्गातली एक बाजू आहे आणि ती या पानाच्या वाचकांशी अधिक संबंधित आहे. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी ‘माझी उन्हाळी सुट्टी’ असा निबंध दिला होता. बहुतेकांनी मामाचे गाव लिहिले. तीच आमराई, तीच विहीर, तेच चांदणे. मी गुण देत गेले. पुरंदर तालुक्यातून आलेल्या एका मुलाने मात्र आपल्या वडिलांच्या रसवंतिगृहाविषयी लिहिले होते. पुण्या-मुंबईत आणि गावोगावच्या एसटी स्थानकांबाहेर ‘नवनाथ’, ‘कानिफनाथ’ अशा नावांची जी गुऱ्हाळे दिसतात, त्यांपैकी पुष्कळ त्या भागातल्या कुटुंबांची. त्याची प्रत्येक सुट्टी तिथे गेली होती. उसाच्या मोळ्या सोलणे, चाकाला बांधलेल्या घुंगरांचा नाद, दुपारी तीनची गर्दी, ग्लास विसळताना हातांना येणारी चिकट खाज, आणि पहिला पाऊस पडला की धंदा बंद होऊन मिळणारी खरी सुट्टी. शब्द साधे, शुद्धलेखन कच्चे. मी शेरा लिहिला : ‘विषयांतर. सुट्टीचे वर्णन अपेक्षित.’ दहापैकी चार गुण.

त्या वर्गात सुट्टीविषयी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिलेला तो एकमेव निबंध असावा, हे मला आज कळते. बाकीच्यांनी पाठ्यपुस्तकातली सुट्टी उरकली होती आणि मी तपासणी उरकली होती. आपण साहित्य शिकवणाऱ्यांनी एक सुट्टी प्रमाण ठरवून टाकली आहे. ज्यांना ती मिळाली नाही ते तिची नक्कल करतात, आणि ज्यांची मुले तिला मुकली आहेत असे आम्हांला वाटते ते आम्ही तिची भरपाई म्हणून शिबिरांचे शुल्क भरतो. रसवंतीवरचा मुलगा आणि तक्त्यातला मुलगा यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो पुसून टाकण्याची माझी इच्छा नाही. पण दोघांच्याही खऱ्या दिवसांना आपल्या निबंधात जागा नाही, एवढे साम्य आहेच.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मुलांना गाव द्या, निसर्ग द्या, असा उपदेश मी करणार नाही. ज्यांच्यापाशी ते नाही त्यांना त्याचा उपयोग नसतो. मुलाला मोकळी दुपार हवी असेल, तर कुणातरी मोठ्या माणसाला आपली दुपार मोकळी करावी लागते. पूर्वी ती आजीने आणि मामीने केली, त्यांना कोणी विचारले नाही. आता विचारावे लागेल, आणि पहिल्यांदा बापाला विचारावे लागेल. त्या गेलेल्या काळाविषयी हळहळणे यापेक्षा पुष्कळ सोपे आहे, म्हणूनच आपण ते इतक्या आवडीने करतो.

पुढच्या वर्षीही आमच्या फ्रिजवर तक्ता लागेल, कारण मे महिन्यात उत्तरपत्रिका असतील आणि यजमानांना रजा नसेल. त्यात गुरुवारची दुपार रिकामी ठेवायची, एवढे आम्ही ठरवले आहे. त्या दुपारी घरी कोणी थांबायचे, यावर आमची चर्चा चालू आहे. ती अजून उरकलेली नाही.