वॉचमनची वही

आमच्या सोसायटीत सध्या एका गोष्टीवरून दोन तट पडलेत. गेटवर काही घडलं तर वॉचमननं ते कळवायचं कसं? तरुण मंडळी म्हणतात ॲप घ्या. सेक्रेटरी म्हणतात व्हॉट्सॲप ग्रुप आहेच की. आणि आम्ही चार-दोन पांढऱ्या केसांचे म्हणतो, वही राहू द्या.

हसू नका. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही. ब्लॉग काय वहीवर लिहिते का? पण या बाबतीत माझं मत ठाम आहे, आणि त्याला कारण आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडून एक सायकल चोरीला गेली. महागडी, गिअरची. एजन्सीनं लगेच रात्रपाळीच्या वॉचमनचा दोन दिवसांचा पगार कापला. लातूरकडचा माणूस, नेरूळ स्टेशनपलीकडे चौघांत एक खोली घेऊन राहतो. दोन दिवसांचा पगार म्हणजे त्याच्या घरचा किराणा. तो मला म्हणाला, "बाई, मागच्या फाटकाची कडी तुटली म्हणून मी तीनदा लिवलंय." वही काढून पाहिली, तर खरंच तीन तारखांना नोंद! अक्षर कोंबडीचे पाय, पण तारीख, वेळ, सही सगळं जागच्या जागी. खाली कमिटीची एकही सही नाही. म्हणजे कुणी वाचलंच नव्हतं. ती पानं मीटिंगमध्ये ठेवली आणि त्याचे पैसे परत मिळाले.

आता हीच तक्रार त्यानं ग्रुपवर टाकली असती तर? सुप्रभातची फुलं, कुणाच्या नातवाचा वाढदिवस आणि पाणी कधी येणार, यांच्याखाली ती गाडली गेली असती. शिवाय वॉचमनची बदली झाली की त्याला ग्रुपमधून काढतात. ॲपमधली नोंद एजन्सीच्या ताब्यात. ज्याच्यावर आळ येतो त्याच्या हातात काय उरतं?

पूर्वी गावचा जागल्या चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचा. माग शिवेपलीकडे गेला की जबाबदारी त्या गावाची. नाही दाखवता आला तर भरपाई याच्या गळ्यात. आमच्या वॉचमनकडे माग दाखवायला ती वहीच आहे.

ॲपवाल्यांचा मुद्दा मला मान्य आहे. फोटो निघतो, वेळ आपोआप पडते, मागाहून खाडाखोड करणं अवघड. पण आम्हाला दाखवलेल्या ॲपमधला अर्ज इंग्रजीत होता. सुरक्षा एजन्सींचा केंद्राचा कायदा २००५ चा. त्याच्या २००६ च्या नमुना नियमांत रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर प्रशिक्षण सांगितलं होतं. ओळखपत्रावरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता यावेत, असंही त्यात होतं. पण अक्षरं वाचणं वेगळं आणि "रात्री दोन वाजता पंपाच्या खोलीतून जळका वास आला" हे इंग्रजीत मांडणं वेगळं. दहावी-बारावीच्या मुलांना निबंध लिहायला शिकवण्यात माझी हयात गेली, मला विचारा! मग माणूस काय करतो? समोर येईल त्या चौकोनावर टिचकी मारून "ऑल ओके" म्हणून मोकळा होतो.

खरं तर याची रीत पोलीस ठाण्यात कायद्यानंच घालून दिलीय. फिर्यादी तोंडी सांगतो, अधिकारी लिहून घेतो, लिहिलेलं वाचून दाखवतो, मग फिर्यादीची सही आणि त्याला एक प्रत फुकट. १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम १७३ मध्येही हेच आहे. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं खबर देता येते, पण तीन दिवसांत सही करावी लागते. म्हणजे नव्या कायद्यालाही सही हवीच आहे.

तेव्हा माझं म्हणणं असं. आग, गॅसचा वास, कुणी पडलं-झडलं तर आधी फोन, ११२ किंवा सेक्रेटरी, लिहिणं नंतर. बाकी सगळ्याला पानांवर नंबर छापलेली, कार्बनची वही. मूळ पान सोसायटीकडे, प्रत वॉचमनकडे. ज्याला लिहायला जमत नाही त्यानं आपल्या भाषेत, बिहारच्यानं हिंदीत, फोनवर बोलून ठेवावं. सकाळपाळीच्यानं ते उतरवून त्याला वाचून दाखवावं. "संशयास्पद इसम" वगैरे लिहायचं नाही. काय पाहिलं ते लिहायचं. लाल टोपी, हातात पिशवी, बी विंगकडे गेला. संशय घ्यायचा की नाही ते नंतर बघू. (आमच्याकडे "संशयास्पद" ठरलेला एक इसम कुणाचा तरी जावई निघाला होता!) फोटो खुशाल फोनवर काढा, त्याचा नंबर वहीत टाका. आणि कॅमेऱ्याचं चित्रण थोड्या दिवसांनी पुसलं जातं, म्हणून नोंद झाली की त्याच दिवशी ते काढून ठेवायला सांगा.

पण सगळ्यात महत्त्वाचं, रोज सकाळी कमिटीतल्या एकानं वही वाचून सही करायची आणि काय केलं ते शेजारी लिहायचं. शाळेत हेडबाई मस्टरवर करायच्या तशी. ॲप घ्या नाहीतर पाटी-पेन्सिल घ्या, वाचणारा नसेल तर सगळं एकच.

यावर सेक्रेटरी म्हणाले, "रोज कुणाला वेळ आहे, बाई?" मला आहे. सोमवारपासून सकाळी सात वाजता मी गेटवर जाणार आहे. मंगळवार-गुरुवारसाठी कुणीतरी हवंय. नेरूळची भाचेमंडळी हे वाचत असतील तर फोन करा.