घरच्या दारूचें स्तोम

दारू म्हटल्याबरोबर वाचकांच्या मनांत जी वस्तु उभी राहील, तिच्याविषयीं आम्हांस येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं. आमच्या मनांतली दारू बाणांत भरावयाची. आणि हौशी अग्निबाणकारांत तिचें जें स्तोम माजविलें जातें, त्याचा समाचार घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें. या मंडळींत एक मत वारंवार ऐकूं येतें. तयार इंजिन विकत आणून कागदी नळींत बसविणारा तो नुसता खेळणारा; आणि सोरा, गंधक, साखर, जस्त यांची स्वतःच्या हातानें मिसळण करणारा तोच खरा शोधक! हें मत केवळ चुकीचें असतें, तर आम्ही तें हसून सोडून दिलें असतें. परंतु तें ऐकणारांत बारा-चौदा वर्षांचीं मुलें असतात. म्हणून तें घातक आहे, आणि म्हणूनच त्यावर मौन धरणें आम्हांस उचित वाटत नाहीं.

प्रथम हें इंधन जळतें कसें तें पाहूं. चुलींतलें लाकूड हवेंतल्या प्राणवायूवर जळतें. अग्निबाणाचें इंधन आपला प्राणवायु स्वतःबरोबर घेऊन येतें. दिवाळींतल्या बाणाच्या काळ्या दारूंत कोळसा जळतो, सोरा त्यास प्राणवायु पुरवितो, आणि गंधकाच्या योगानें मिश्रण लवकर पेट घेतें. मोठ्या हौशी बाणांत सोऱ्याचें काम अमोनियम परक्लोरेट करतें. रबराच्या जातीचें एक द्रव्य त्याचे कण एकत्र बांधून ठेवतें व स्वतःहि जळतें, आणि बहुधा ॲल्युमिनियमची पूड त्या ज्वालेची उष्णता वाढविते. द्रव्यें निराळीं, पण तत्त्व एकच. तापलेला वायु मागच्या अरुंद तोंडांतून वेगानें बाहेर पडतो, आणि त्याच्या उलट दिशेस बाण रेटला जातो.

येथपर्यंतचें शास्त्र शाळकरी मुलासहि समजण्याजोगें आहे. आणि घात होतो तो या सोपेपणामुळेंच. कारण याच्या पुढची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. इंधन किती वेगानें जळावें हें आंतल्या दाबावर अवलंबून असतें. आणि तो दाब, किती पृष्ठभाग एका वेळीं जळत आहे व वायूस बाहेर पडावयास तोंड केवढें आहे, यांवर ठरतो. इंधन घट्ट व एकसंध असेल तर सारें मापांत राहतें. परंतु त्यांत केसाएवढी भेग किंवा हवेची एखादी पोकळी राहिली, तर ज्वाला तींत शिरते आणि जळणारा पृष्ठभाग एकाएकीं वाढतो. पृष्ठभाग वाढला कीं दाब वाढतो, दाब वाढला कीं जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला कीं पुन्हा दाब वाढतो. आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच नळी फुटते. म्हणजे बाण आणि बॉम्ब यांच्यांत द्रव्याचा भेद असलाच पाहिजे असें नाहीं. कित्येकदां तो भेद एका न दिसणाऱ्या भेगेचा असतो.

घरच्या दारूच्या कैवाऱ्यांस आमचा पहिला प्रश्न हा, कीं ती भेग तुम्हांस दिसते काय? दहा बाण सुखरूप उडाले म्हणजे आपणांस अनुभव आला असें हे लोक समजतात. परंतु दहा बाणांत भेग नव्हती, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. अकराव्यांत ती नाहीं, हें त्यावरून ठरत नाहीं. सुतार किंवा लोहार यांचा हात संवयीनें वळतो, कारण चूक झाली तर ती त्यांना पाहतां येते व सुधारतां येते. येथें चूक दिसते ती फुटल्यानंतर.

शिवाय धोका उड्डाणाच्या क्षणापुरताच नसतो. दळतांना, मिसळतांना, दाबून भरतांनाहि तो जवळच बसलेला असतो. जर्मनींत राइनहोल्ड टिलिंग हे नांवाजलेले बाणकार होते. १९३३ सालीं ऑस्नाब्रुकजवळच्या त्यांच्या कारखान्यांत दारू दाबून भरण्याचें काम चाललें असतां ती पेटली, आणि ते स्वतः व त्यांचे दोन साहाय्यक प्राणांस मुकले. अमेरिकेंत जॅक पार्सन्स यांनीं १९४२ सालीं डांबर व पोटॅशियम परक्लोरेट यांचें ओतून घडवितां येणारें इंधन सिद्ध केलें. आजच्या घन इंधनांच्या कुळाचे ते एक मूळपुरुष होत. १९५२ सालीं पॅसाडीना येथें घरच्याच प्रयोगशाळेंत झालेल्या स्फोटानें वयाच्या ३७ व्या वर्षीं त्यांचा अंत झाला. त्या दिवशीं फुटलें तें बाणाचें इंधन नव्हे, तर पाऱ्याचें फल्मिनेट, असें पोलिसांनीं ठरविलें. परंतु अशा द्रव्यांत उभा जन्म घालविलेल्या पुरुषासहि घरच्या खोलींत जें साधलें नाहीं, तें शाळकरी पोरास न्हाणीघरांत साधेल, असें म्हणणाऱ्याच्या धाडसास काय म्हणावें?

आतां या छंदाचा जन्म कसा झाला तें पाहूं, म्हणजे तयार इंजिनास हिणविणारे आपल्याच कुळाचा इतिहास विसरले आहेत हें दिसून येईल. १९५७ च्या ऑक्टोबरांत रशियानें स्पुटनिक आकाशांत सोडला, आणि अमेरिकेंतल्या पोरांनीं घरोघर नळ्यांत दारू भरण्यास आरंभ केला. जखमी मुलांच्या बातम्या येऊं लागल्या. यावरचा उपाय नेब्रास्का संस्थानांतील नॉरफोक या गांवच्या एका जोड्यांच्या दुकानदारानें आधींच शोधून ठेविला होता. त्याचें नांव ऑर्व्हिल कार्लाइल. यानें व याच्या भावानें १९५४ सालीं कागद व हलकें लाकूड यांचा एक लहानसा बाण रचला. त्यांतली दारूची नळी तयार, बदलतां येण्याजोगी. ती जळून संपल्यावर थोडा वेळ एक मंद दारू जळे, आणि मग एक हलकासा बार पॅराशूट बाहेर ढकली. व्हाइट सँड्स येथील अभियंते हॅरी स्टाइन यांचा होतकरू बाणकारांच्या धोक्यांविषयींचा लेख वाचून कार्लाइलनें आपले नमुने त्यांच्याकडे धाडले. आणि स्टाइन यांनीं १९५७ सालींच या छंदाची राष्ट्रीय संस्था उभी केली. पुढें व्हर्नन एस्टेस यांनीं हीं इंजिनें एकसारखीं घडविणारें यंत्र रचलें. या संस्थेच्या नियमांत तयार व तपासलेलें इंजिनच वापरावें, बाण हलक्या साहित्याचा असावा, तो विजेच्या कळीनें दुरून सोडावा, पेटला नाहीं तर ६० सेकंद त्याच्याजवळ जाऊं नये, असें सांगितलें आहे. म्हणजे तयार इंजिन ही व्यापाऱ्यानें मागाहून आणलेली सोय नव्हे. हा छंद त्याच पायावर उभा राहिला.

यावर असें म्हणण्यांत येतें, कीं इंधनच तयार मिळालें तर शास्त्र उरलें कोठें? आम्ही उलट विचारतों, सतार शिकणाऱ्यास कोणी आधीं तार ओढावयास बसवितो काय? इंजिनावर छापलेले ‘ए ८-३’ एवढेच अंक घ्या. अक्षर एकंदर आवेगाची प्रत सांगतें, व ‘ए’ च्या पुढच्या ‘बी’ ची कमाल मर्यादा तिच्या दुप्पट असते. ८ म्हणजे सरासरी रेटा न्यूटनमध्यें. ३ म्हणजे दारू संपल्यापासून पॅराशूट सुटेपर्यंतचे सेकंद. यावरून बाण किती उंच जाईल हें आधीं मांडावें, दुरून कोन मोजून खरी उंची काढावी, आणि दोहोंत अंतर कां पडलें हें शोधावें. बाणाचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्याच्या पुढें असला पाहिजे, नाहींतर तो गिरक्या खातो; हा दाबाचा मध्य गणितानें काढण्याची जी रीत जेम्स बॅरोमन यांनीं हौशी लोकांच्या हातीं दिली, ती अजून वापरांत आहे. उलटपक्षीं, ज्याची दारू दर खेपेस निराळी जळते त्यास कांहींच शिकतां येत नाहीं. आज बाण उंच गेला तो पंख सुधारल्यामुळें कीं दारू जोरकस झाल्यामुळें, हें तो कशावरून सांगणार?

मग होमर हिकम यांचें उदाहरण पुढें करण्यांत येतें. वेस्ट व्हर्जिनियांतील कोलवुड या खाणींच्या गांवचा हा मुलगा सोरा व साखर, पुढें जस्त व गंधक यांचे बाण उडवीत उडवीत १९६० सालीं राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनांत पारितोषिक मिळवितो, पुढें नासांत अभियंता होतो, १९९८ सालीं आपली कथा लिहितो, आणि १९९९ सालीं तिचा चित्रपट होतो. कथा सुंदर आहे, हें आम्ही मनापासून कबूल करतों. परंतु तिच्यांतला पहिलाच बाण आईच्या बागेचें कुंपण उडवून देतो, आणि पुढचें यश पदरीं पडतें तें गणित शिकल्यावर व खाणीच्या कारखान्यांतील कसबी कारागिरांनीं तोंडें कांतून दिल्यावर. शिवाय आत्मचरित्र लिहावयास आधीं बोटें शाबूत असावीं लागतात. ज्यांचीं तीं राहिलीं नाहींत, त्यांचा चित्रपट कोणी काढीत नाहीं.

एक गोष्ट मात्र न्यायानें सांगितली पाहिजे. प्रौढ, परीक्षा उतरलेल्या सभासदांस मोकळ्या रानांत, अंतराचे कडक नियम पाळून, स्वतःचें इंधन वापरण्याची मुभा ट्रिपोली ही अमेरिकन संस्था देते. त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. तसेंच अमोनियम परक्लोरेटचें हें इंधन कायद्यानें स्फोटक मानावें कीं नाहीं, याबद्दल तेथील हौशी संस्था सरकारशीं नऊ वर्षें भांडल्या, आणि २००९ सालीं न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. तो निकाल आम्हांस योग्यच वाटतो. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूस स्फोटक म्हणणें हा अडाणीपणा आहे. परंतु न्यायालयानें स्फोटक नव्हे म्हटलें म्हणून इंधनांतली भेग बुजत नाहीं!

तेव्हां ज्या पालकांस व शिक्षकांस मूल येऊन म्हणतें, कीं मला बाण करावयाचा आहे, त्यांनीं त्यास रागें भरूं नये. सोराहि आणून देऊं नये. तपासलेलें इंजिन व जाणता माणूस जवळ असेल तर उत्तमच. नसेल तर प्लास्टिकची बाटली, थोडें पाणी व सायकलीचा पंप पुरे आहे. दाबलेली हवा पाणी खालीं ढकलते आणि बाटली वर जाते. तोच न्यूटनचा नियम, तेच पंख, तोच गुरुत्वमध्य, तेंच कोनाचें गणित. दूर उभें राहून दोरीनें खटका ओढावा, एवढी सावधगिरी तेथेंहि हवी. ज्यास त्या बाटलीची उंची दोनदां सारखी मोजतां येत नाहीं, त्यानें दारूस हात घालण्याच्या गोष्टी बोलूं नयेत. आणि ज्यास ती मोजतां येऊं लागली, त्यास दारूवांचून आपण शास्त्रज्ञ नाहीं असें वाटण्याचें कांहींएक कारण उरणार नाहीं.