विशेषणांचा तरतमभाव

इ. स. २००० पासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांतूनही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविलें जातें. त्यामुळें विशेषणांच्या तरतमभावाचा प्रश्न घेऊन नातवंडें आतां लौकरच वडील मंडळींजवळ येतात. त्या मंडळींसाठीं आम्ही चार गोष्टी सुचवितों.

मूल 'टॉल दॅन' म्हणालें तर त्यास मंद समजूं नये. मराठींत 'गोविंदापेक्षां उंच' किंवा 'सर्वांत उंच' म्हणतांना 'उंच' हा शब्द जसाच्या तसा राहतो. तुलनेचा भार 'पेक्षां', 'हून', 'सर्वांत' हे शब्द वाहतात. इंग्रजींत तो विशेषणासच उचलावा लागतो: टॉल, टॉलर, टॉलेस्ट. 'ब्यूटिफुल'सारख्या लांब शब्दांस तो पेलत नाहीं, म्हणून त्यांच्यापुढें 'मोर' व 'मोस्ट' येतात. हा भेद आधीं समजवावा, पाठांतर मागाहून.

संस्कृताचा परिचय असलेल्या घरांत हें काम अधिकच सुकर आहे. दोहोंच्या तुलनेस 'तर' व 'ईयस्', आणि अनेकांत उत्कर्ष दाखविण्यास 'तम' व 'इष्ठ' हे प्रत्यय पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायांत सांगितले आहेत. त्यांपैकीं 'इष्ठ' हा इंग्रजी 'एस्ट'चा सगोत्र होय. 'स्वादिष्ठ' व 'स्वीटेस्ट' एकाच मुळापासून निघाले आहेत. 'गुड, बेटर, बेस्ट' येथें शब्दच पालटतो म्हणून मूल बिचकतें. त्यास 'प्रशस्य, श्रेयस्, श्रेष्ठ' दाखवावें. 'मोर बेटर' म्हणालें तरी रागावूं नये. उत्कर्षावर उत्कर्ष चढविण्याची हौस जुनीच आहे. यजुर्वेदांतही 'श्रेष्ठतम' आढळतें. इंग्रजींत मात्र ती चालत नाहीं, एवढें सांगावें म्हणजे झालें.

शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. एका सतरंजीवर सख्खीं-चुलत भावंडें बसलेलीं असतां उदाहरणादाखल त्यांसच उभें करूं नये. 'बंडू बाळूपेक्षां हुषार आहे' हें वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष खरें. परंतु नियम विसरला तरी बाळूच्या मनांतून तें वाक्य जात नाहीं. तुलनेस तांब्या, घागर व हंडा घ्यावा. लिंबू, नारळ व फणस घ्यावा. फणसास मोठा म्हटल्यानें लिंबाचा मान जात नाहीं. आणि मुलाचीच तुलना करणें असेल, तर त्याच्या कालच्या अक्षराशीं आजच्या अक्षराची करावी.