स्वतःविषयीं लिहितांना

आत्मस्तुति हा दोष होय, असें आपल्या घरांतून मुलांस लहानपणापासून बजावण्यांत येतें; आणि तेंच मूल मोठें होऊन नोकरी शोधूं लागलें, म्हणजे परक्या माणसांसमोर त्यानें स्वतःविषयीं सफाईनें बोलावें अशी आपली अपेक्षा असते! माझ्या भाच्याची अशीच कुचंबणा झाली आहे. तो ज्या फौंड्रींत होता ती बंद पडली, त्याला आठ महिने झाले. अक्का त्याच्या देखत कांहीं बोलत नाहीं. मजपाशीं बोलतांना मात्र तिचा कंठ दाटून येतो. गेल्या महिन्यांत मीं त्याचा अर्ज वाचावयास मागितला. तो मेहनती, प्रामाणिक व शिकण्याची आवड असलेला आहे, एवढेंच त्यांतून समजलें. अर्जांत खोटें कांहीं नव्हतें. पण तो कोणाचाहि असूं शकला असता.

मग मीं त्याला श्रीनिवास रामानुजन यांच्या दोन पत्रांची हकीकत सांगितली.

९ फेब्रुवारी १९१२ रोजीं त्यांनीं मद्रासच्या पोर्ट ट्रस्टकडे कारकुनीसाठीं अर्ज केला. मॅट्रिक झालों आहें, एफ. ए. पर्यंत शिकलों, अडचणींमुळें शिक्षण खुंटलें, सर्व वेळ गणितांत घालवितों, काम नीट करीन, असा त्याचा मतलब. सोबत एका प्राध्यापकांची शिफारस होती. १ मार्चपासून दरमहा ३० रुपयांची जागा मिळाली. नम्र अर्जालाहि फळ येतें, हें कबूल केलें पाहिजे. मात्र मागितलें तेवढेंच आलें.

१६ जानेवारी १९१३ रोजीं त्याच कारकुनानें केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांस पत्र लिहिलें. हार्डींचें १९१० सालचें एक पुस्तक त्यांच्या वाचनांत आलें होतें. मूळ संख्या मोजण्याचें नेमकें सूत्र अद्याप सांपडलेलें नाहीं, या त्यांतील विधानास धरूनच रामानुजन यांनीं विषय काढला. आपल्यास विद्यापीठाचें शिक्षण नाहीं, आपण गरीब आहों, हें थोडक्यांत सांगून टाकलें. स्थानिक गणितज्ञांस आपले निष्कर्ष विस्मयकारक वाटतात, एवढी स्तुति पत्रांत आहे. पण तीहि इतरांच्या तोंडची. पुढें पानेंच्या पानें सिद्धांत, सुमारें १२०! यांत कांहीं मोल दिसल्यास ते छापून यावेत, ही मागणीहि स्पष्ट होती.

पत्र निर्दोष नव्हतें. पंचवीस वर्षें पूर्ण झालीं असतां वय सुमारें तेवीस लिहिलें होतें (आजच्या अर्जांत हें खपावयाचें नाहीं), आणि मूळ संख्यांविषयींचा मोठा दावाहि पुढें सदोष ठरला. पण हार्डींपुढें माणसाचें वर्णन नव्हे, माणसाचें काम येऊन पडलें होतें. ८ फेब्रुवारीस त्यांनीं उत्तर धाडलें व सिद्धता मागितल्या. मे १९१३ पासून मद्रास विद्यापीठानें रामानुजन यांस दरमहा ७५ रुपये देऊं केले.

‘पण मामा, मीं कुठें सिद्धांत मांडले आहेत?’ भाचा म्हणाला. ‘नेमून दिलेलें काम केलें, एवढेंच.’

बऱ्याच आढेवेढ्यांनंतर तें काम कळलें. ओतीव भागांत बारीक पोकळ्या राहून शंभरांतील बारा नग नापास होत. यानें रोज सकाळीं सांच्याच्या वाळूचा ओलावा मोजून वहींत टिपण्यास आरंभ केला, तो मर्यादेंत ठेवविला, आणि तीन महिन्यांत बाराचे पांच झाले. ती वही अजून त्याच्या कपाटांत आहे! अर्जांत तिचा उल्लेख नव्हता, कारण लिहिणें म्हणजे बढाई, असें त्यास वाटलें.

आम्ही दोघांनीं कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीसाठीं नवा अर्ज लिहिला. तेथें काय ओतलें जातें याची त्यानें आधीं माहिती काढली. गुणांचीं विशेषणें गाळलीं, वहींतील दोन पानें जोडलीं. अर्ज पुरा होतां होतां तो थांबला.

‘मामा, वाळूचा संशय प्रथम आमच्या म्हाताऱ्या मोल्डरला आला होता. तेंहि लिहूं काय?’

‘अवश्य लिही,’ मीं म्हटलें. ‘मोल्डरचें ऐकणारा इंजिनियर त्यांना हवाच असेल.’

त्यानें तें वाक्य सर्वांच्या आधीं घातलें. अर्ज सोमवारीं गेला. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.