तिळातिळाने दिवस वाढतो, तो मोजायचा कसा?



संक्रांत जवळ आली की घरोघर आजी सांगते, "आता दिवस तिळातिळानं वाढणार." त्यावर सहावी-सातवीतला नातू म्हणतो, "पण आजी, गुरुजी म्हणतात सूर्य २२ डिसेंबरलाच वळतो!" अशा वेळी "पुस्तकातलं पुस्तकात ठेव" म्हणून त्याला गप्प बसवू नका. गप्प बसवलेले मूल पुढे विचारीत नाही. विज्ञान परीक्षेपुरते आणि घरचे बोलणे घरापुरते, अशी त्याच्या मनात वाटणी होते. त्यापेक्षा म्हणा, "चल, मोजून पाहू."

अंगणात सपाट जागी एक काठी रोवा. जमिनीच्या वर बरोबर १०० सेंटिमीटर राहू द्या आणि ओळंबा लावून ती उभी आहे ना, ते पाहा. दुपारी बारा ते सव्वा या वेळात दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली मोजून वहीत लिहा. सूर्याकडे मात्र मुलांना बघू देऊ नका. काम सावलीचे आहे.

पुण्याच्या आसपास ही सावली २२ डिसेंबरला सुमारे ९० सेंटिमीटर, संक्रांतीला ८४, तर १४ फेब्रुवारीला ६१ भरते. मे महिन्याच्या मध्यास एक दिवस ती काठीच्या पायाशीच नाहीशी होते. दिवसाचेही तसेच. २२ डिसेंबरला तो सुमारे ११ तासांचा असतो आणि संक्रांतीपर्यंत सहा-सात मिनिटेच वाढतो. पुढे मार्चमध्ये रोज मिनिटभराने वाढू लागतो. म्हणजे आजीचा 'तीळ' अगदी मापाचा आहे!

हे कशाने होते? रात्री बॅटरीचा झोत जमिनीवर सरळ पाडा, मग तिरपा पाडा. तिरपा झोत जास्त जागेवर पसरतो आणि फिका पडतो. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून हिवाळ्यात आपल्याकडे ऊन तिरपे येते आणि दिवसही लहान असतो. सूर्य दूर गेल्याने थंडी पडते, हा समज खरा नाही. उलट जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते.

मग सूर्य वळतो एका दिवशी आणि सण येतो तीन आठवड्यांनी, असे का? मुलाला भोवरा फिरवायला सांगा. वेग कमी झाला की त्याचे डोके डुलत गोल फिरते. पृथ्वीचा आसही असाच डुलतो. एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षे लागतात. आपला सण ताऱ्यांच्या राशीला बांधलेला, आणि सूर्याचे वळणे आसाला. म्हणून दोहोंत सुमारे ७२ वर्षांनी एका दिवसाचे अंतर पडते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र येत असत. तेव्हा आजीही खोटी नाही आणि गुरुजीही खोटे नाहीत.

आज सावली मोजणारे मूल उद्या फवारणीचे औषध अंदाजाने ओतणार नाही, झाकणाने मोजून घेईल. महिन्यातून एकदा सावलीचे माप वहीत लिहायला लावा आणि पुढच्या संक्रांतीला आजीला शेजारी बसवून ताळा पाहा.